खापर माझ्याकडे आहे

ती. नाना आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी तू वाच. मग नानांना वाचून दाखव, आणि आमरसाचा भाग गाळू नकोस.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "माळ्यावरचं खापर कुठं दिसत नाही, तू कोणाला देऊन तर नाही टाकलं?" मी म्हटलं, "असेल कोठीत, पोत्यांच्या मागे." खोटं बोलले. आपलं मांडे भाजायचं मातीचं खापर इथं चिंचवडला आहे, माझ्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी. संक्रांतीला येऊन गेले तेव्हा जिजीच्या जुन्या गोधडीत गुंडाळून डिकीत घातलं. तू वरून बिबड्यांचा डबा ठेवलास ना, "दणके बसतील, नीट चालवा" म्हणत, त्याच्याच खाली ते होतं. नाशिकपर्यंत माझी छाती धडधडत होती.

आता सांगूनच टाकते. यंदा आखाजीचे, इथल्या भाषेत अक्षय्य तृतीयेचे, पुरणाचे मांडे तू करायचे नाहीस. पितरांच्या नैवेद्याचे आणि आगारीचे, म्हणजे निखाऱ्यावर पितरांना घास देतो त्याचे, मिळून सात मांडे मी करणार, आपल्याच चुलीवर, ह्याच खापरावर. पंगतीचे चाळीस मांडे पाराजवळच्या वहिनींना सांगितले आहेत. अर्धे पैसे आधीच पाठवले, म्हणजे तुला मोडता घालायला जागा राहिली नाही. रागावलीस? रागाव. पण पत्र खाली ठेवू नकोस.

गेल्या आखाजीचं माझ्या डोक्यातून जात नाही. बाहेर 43 अंश, आत चूल पेटलेली, पंखा लावला तर जाळ विझतो म्हणून पंखा बंद. आम्ही सगळे ओसरीत. ताटात मांडा यायचा, रुमालासारखी घडी घातलेला, वर तूप, आणि तो संपायच्या आत दुसरा. कोण करतंय, किती झाले, हे पंगतीतल्या एकानेही उठून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. जेवून मी निंबाच्या झोक्यावर बसून फोटो काढून घेत होते, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तू तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीला डोकं टेकून बसली होतीस. धाकट्या काकूंनी तुझ्या तोंडावर पाणी मारलं. "पोरींना सांगू नका, सणाचं तोंड कडू होईल," असं तू त्यांना बजावलंस म्हणे. मला दोन दिवसांनी कळलं, तेही काकूंच्या तोंडून निसटलं म्हणून. ब्लडप्रेशर 170 निघालं होतं आणि तू मला सांगत होतीस, "पित्त झालं असेल." पोरी माहेराला विसाव्याला येतात म्हणतात. माझ्या विसाव्यापायी तू चुलीपुढे पडलीस, हे मला कसं पचेल?

नाना, तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. विकतचा मांडा गेलेल्या आबांना कसा चालेल? म्हणून तर आगारीवर जाणारा घास घरचाच ठेवलाय. बाकीचे मांडे माणसं खाणार आहेत, पितर नाही. आणि नवापूरचं आठवा. 1984 साली तुमची बदली तिकडं झाली, (तेव्हा नवापूर धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार 1998 ला वेगळं झालं, हे तुम्हीच मला पाठ करायला लावलंत) खोली दोन माणसांची, चूल नाही, खापर नाही. आईनं स्टोव्हवर साध्या तव्यावर पोळ्या केल्या, पितरांची घागर खिडकीच्या कट्ट्यावर मांडली. आबा जेवले की! त्या वर्षी काही कोप झाला नाही, उलट मी स्कॉलरशिपला आले. पितर तुमच्यापेक्षा समजूतदार आहेत, एवढंच म्हणते. सकाळपासून तुमचा आणि काकांचा पत्त्यांचा डाव चालतो तो त्यांना चालतो, मग वहिनींच्या हातचा मांडा का चालू नये?

वहिनींचा हात चांगला आहे. मी होळीच्या वेळी त्यांच्याकडचे सहा मागवून खाऊन पाहिले, उगाच शब्द दिलेला नाही. पुरणात जायफळ थोडं जास्त घालतात. बाकी तुझ्या मांड्याच्या जवळ जातो. जवळच, बरं का.

माझं मात्र विचारू नकोस. पहिल्या रविवारी अकरा मांड्यांतला एकही धड उतरला नाही. गव्हाचं पीठ ओढणीतून चाळलं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवलं, तेल लावून इतकं तिंबलं की खालच्या मजल्यावरून निरोप आला, काही दुरुस्तीचं काम चाललंय का. दोन पुऱ्यांत पुरण भरून कडा दाबल्या, इथपर्यंत सगळं तुझ्यासारखं. हातावर घेतला आणि फाटला. पुरणात डाळीचा एक अख्खा दाणा राहिला होता, तेवढ्यानं कोपरापर्यंत चीर गेली. पुरण मनगटावरून ओघळून बाहीत. तुझा नातू म्हणाला, "आजी हे व्हिडिओत किती सोपं करते." मग रोज रात्री तुझा तो व्हिडिओ बघायला लागले. त्यात तुझे फक्त हात दिसतात, बांगड्या वर सरकवलेले. कितव्यांदा तरी पाहिल्यावर लक्षात आलं की तू मांडा ओढतच नाहीस. मनगट ढिलं सोडतेस आणि तो आपल्याच वजनानं लांबतो. मग ह्या हाताचा त्या हातावर, त्या हाताचा ह्या हातावर, आणि खापरावर टाकताना अर्धा क्षण थांबतेस. गॅसवर खापर सगळीकडे सारखं तापत नाही, मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं, पण आता दहातले सहा उतरतात. चुलीवर सातातले सात उतरतील असं मी मनाशी धरून चालले आहे. एखादा फाटलाच तर तू "फाटना ते फाटना" म्हणशील आणि तो माझ्याच ताटात वाढशील, लहानपणी वाढायचीस तसा. फाटलेला मांडा दुधात कुस्करून मला जास्त आवडायचा, म्हणून मी मुद्दाम तुझा हात हलवायचे. हे तुला माहीत होतं ना? तेव्हा एकदाही ओरडली नाहीस.

चीक आठवतो का गं? कुरडयांचा गहू तिसऱ्या दिवशी वाटायचीस तेव्हा घरभर तो आंबूस वास. पातेल्यात चीक रटरटायला लागला की आम्ही वाट्या घेऊन रांगेत, साखर घालून गरम गरम, जीभ भाजायची. मग गच्चीवर कावळे हाकायला माझी नेमणूक, हातात नानांची छत्री. कावळ्यांपेक्षा जास्त कुरडया मीच ओल्या ओल्या खाल्ल्या असतील. इथं दुकानात बारमाही कुरडया मिळतात, पांढऱ्याशुभ्र. त्यांना वासच नसतो.

माझी सासरची पहिली आखाजी मी तुला कधी नीट सांगितली नाही. इथं त्या दिवशी चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू. सासूबाईंनी हौसेनं आरास केली, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली, वाटीत कैरीची डाळ आणि पेलाभर पन्हं दिलं. मी ते संपवून बसून राहिले, पुरणाचं ताट येईल म्हणून. ते यायचंच नव्हतं, जेवण रोजचंच. मोरीत जाऊन रडले. पितरांना विसरले की काय ही माणसं, असं वाटलं. आता हसू येतं, कारण कैरीची डाळ मला मनापासून आवडायला लागली आहे आणि सासूबाई आपल्याकडची झणझणीत रशी मागून घेतात, घाम पुसत पुसत. काळ्या मसाल्याची बरणी त्यांनीच उचलून वरच्या फळीवर ठेवली आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून. पण आखाजी म्हटलं की माझ्या तोंडाला तुझ्याच घरची चव येते. म्हणून तुला दुखवून हे सगळं करते आहे, असं नको समजूस.

आता आमरस. नाना, तुमची तीन महिन्यांची साखर 8.4 आली आहे. रिपोर्ट दादानं मला पाठवला, त्याला बोलू नका. घागर भरल्याशिवाय तुम्ही आंब्याला हात लावत नाही, ते मला मान्य आहे, लहानपणी तुमच्यामुळे आम्हीही लावला नाही. पण "वर्षभर थांबलो" हे कारण सांगून तीन वाट्या रस प्यायचा, हे कुठल्या शास्त्रात आहे? अर्धी वाटी रस, एक मांडा, बस. रशी-भात हवा तेवढा नाही, पण मांड्यापेक्षा तो बरा. भजी दोन. मी समोर बसणार आहे आणि वाढणार मीच. आणि आंबे आणायला अमळनेरला मोटरसायकलवरून जाऊ नका. एवढ्या लवकर आपला गावरान आंबा थोडाच उतरतो, बाजारात बदाम नाहीतर लालबाग असेल, तो मी इथूनही आणीन.

मी आखाजीच्या चार दिवस आधी पोचते. तोवर हे ऐका. आई, कुरडया-पापडांसाठी दुपारी गच्चीवर चढायचं नाही, दहाच्या आत टाकायच्या आणि उन्हं कलल्यावर काढायच्या, नाहीतर राहू दे यंदा, मागच्या वर्षीच्या अर्धा डबा आहेत, मी बघून आले आहे. सकाळची गोळी चहाआधी. "विसरले" चालणार नाही, मी डब्यावर वार लिहून दिलेत. चुलीची लाकडं दादा आणून देईल, तू वाकू नकोस. नाना, सालदार गड्याचा वर्षाचा हिशोब आखाजीलाच होतो हे मला कळतं, पण तो ओट्यावर बसून करा, बाराच्या उन्हात बांधावर उभं राहून नको. कूलरच्या जाळ्या बदलून घ्या. घागरी मात्र तुम्हीच निवडा, वाजवून बघून, तो कान माझ्याकडे नाही.

आणि आई, "मग मी काय करू?" असं तू विचारणारच. सांजोऱ्या तू करायच्या आहेत, खुर्चीवर बसून, पंख्याखाली. सांजा मी भाजून देईन. घागरीवर खरबुजाशेजारी तुझीच सांजोरी ठेवायची, तिथं मी हात घालणार नाही. रशीचा मसाला तू सांगायचा. नंदुरबारच्या मावशीचा नाही, तिच्या हातची रशी खाल्ली की दुसऱ्या दिवशीपर्यंत कान गरम राहतात. कांदा-खोबरं निखाऱ्यावर किती काळं होऊ द्यायचं, हे मला अजून नजरेनं कळत नाही. तू दारात खुर्ची टाकून बसायचं आणि "बास, काढ आता" एवढंच म्हणायचं. उठलीस तर मात्र मी जिजीसारखी म्हणणार, "उगी बठ व माय."

रुसून दोन दिवस फोन घेणार नसशील तर निदान दादाकडून निरोप दे की गोळी घेतली.

तुमची,
ताई

ता. क. खापर निघण्याआधी ओल्या फडक्यानं पुसायचं की नुसतं राखेनं? पहिल्याच दिवशी मी साबण लावला होता, पुढचे चार मांडे साबणाच्या वासाचे झाले. आणि एक सांगायचं राहिलं. त्याच्या काठाची नखाएवढी कपची उडाली आहे, डिकीतून काढताना. तडा गेलेला नाही, मी पाणी भरून बघितलं. मांडा टाकायच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला आहे.