हरलेल्यांना जागा देणारी घटना

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना की ज्याच्याकडे बहुमत तो घटना लिहिताना आधी स्वतःचंच ताट वाढून घेणार, तेव्हा मी हो हो केलं, पण डोक्यात पोर्तो रिको घोळत होतं, ते कॅरिबियनमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखा दिल्लीहून आलेला राज्यपाल नाही बरं का, लोकांनी निवडलेला, मुख्यमंत्रीच समज.

1948 ला लुइस मुन्योस मारिन पहिल्यांदा गव्हर्नर म्हणून निवडून आला, 25 जुलै 1952 ला नवी घटना लागू झाली आणि नोव्हेंबरात गडी जवळजवळ 65 टक्के मतं घेऊन परत गव्हर्नर. आता गंमत बघ, रात्री लाइटच्या बिलाच्या मागे मी हिशोबच मांडला. सिनेटच्या मूळ जागा 27, त्यातल्या 23 त्याच्या पक्षाला, विरोधक फक्त 4. पण घटनेत कलम असं की एकाच पक्षाने दोन तृतीयांशच्या वर मारल्या तर हरलेल्यांना जादा जागा द्यायच्या, सिनेटमध्ये ते 9 होईपर्यंत आणि खालच्या सभागृहात 17. म्हणजे सिनेट 27 ची झाली 32! खालचं सभागृह 51 चं 64. आणि ही घटना लिहिणाऱ्यांत बहुसंख्य त्याच्याच पक्षाचे होते रे.

तू म्हणशील 32 मध्ये 23 म्हणजे अजूनही दोन तृतीयांशच्या वरच, मग काय उपयोग. बरोबर आहे, मंत्री नेमायला सिनेटची संमती लागायची ती त्याला घरचीच. पण निदान 9 जण उभे राहून बोलू तरी शकत होते.

तेव्हा मंत्रिमंडळ आठ खात्यांचं. 1947 पर्यंत तिथला शिक्षणप्रमुख आणि ॲटर्नी जनरलसुद्धा अमेरिकेचा प्रेसिडेंट नेमायचा, आता सगळे गव्हर्नर नेमणार. त्यात सेक्रेटरी ऑफ स्टेटचं पद भारी, कारण उपगव्हर्नर नाहीच, गव्हर्नर गेला की खुर्ची ह्याची, म्हणून त्याला दोन्ही सभागृहांची संमती लागते. पहिला होता सांचेझ व्हिलेया, इंजिनियर माणूस, पुढे 1964 ला स्वतःच गव्हर्नर म्हणून निवडून आला. ह्याच अटीवर 2019 ला नुकताच सेक्रेटरी ऑफ स्टेट नेमलेला पिएर्लुइसी अडकला, सिनेटची संमती न घेताच 2 ऑगस्टला गव्हर्नर म्हणून शपथ घेतली आणि 7 ला कोर्टाने घरी पाठवला.

पण मुन्योसला डोक्यावर घेऊ नकोस लगेच. सभागृहात विरोधकांना खुर्च्या वाटणाऱ्या ह्याच माणसाच्या राज्यात, सरकार बळाने उलथवण्याची भाषा करणाऱ्यांना आत टाकणारा आणि स्वातंत्र्यवाद्यांवर वापरलेला 1948 चा कायदा 1957 पर्यंत चालूच होता, आणि 1952 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांचा नेता अल्बिसू काम्पोस तुरुंगातच होता. ते मला अजून पचत नाही, तुझं काय मत ते कळव.

बाकी ते बिल भरायचं राहिलंय, आणि भरल्यावर पण मी ते टाकणार नाहीये, तू आलास की आकडे दाखवतो.

तुझाच