जुना रंग खरवडणाऱ्यांना प्रशिक्षण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला आणि नोव्हेंबर 2017 पासून तो लागू झाला. नियम चांगलाच आहे, पण तो नव्या डब्यापुरता. त्याआधी खिडक्या, दारे आणि ग्रिलवर वर्षानुवर्षे चढलेले ऑइल पेंटचे थर जागच्या जागी आहेत, आणि दुरुस्ती निघाली की पहिल्यांदा तेच खरवडले जातात.

धड असलेला रंग सहसा अपाय करत नाही. कोरड्या पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरने घासला की मात्र त्याची बारीक धूळ होते आणि फरशीवर, खिडकीच्या खाचेत, अंथरुणावर बसते. रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेऊ शकते आणि त्याने मेंदूला झालेली हानी भरून निघत नाही. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची पातळीच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंगारी तर दिवसभर त्याच धुळीत श्वास घेतो आणि तेच कपडे घालून आपल्या लेकरांना जवळ घेतो. त्याला हे कुणीच सांगितलेले नसते, याचा मला फार राग येतो.

अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर 1978 मध्ये बंदी आली. तिथे 2010 पासून, 1978 पूर्वीच्या घरांत आणि बालवाड्यांत जुना रंग उखडला जाईल अशी दुरुस्ती मोबदला घेऊन करायची, तर कंत्राटी संस्थेला प्रमाणपत्र लागते आणि कामावर निदान एक प्रशिक्षित माणूस नेमावा लागतो. किरकोळ डागडुजीला तेवढी सूट आहे. मूळ प्रशिक्षण आठ तासांचे, म्हणजे एका दिवसाचे. खाली प्लास्टिक अंथरून खोली बंद करणे, पृष्ठभाग ओला करून खरवडणे, ज्योतीने रंग न जाळणे, शेवटी ओल्या फडक्याने सगळे पुसून काढणे, एवढे तरी आपल्याकडे उद्यापासून शिकवता येईल. ग्राइंडरला जोडायचा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम महाग पडतो हे खरे, पण ग्राइंडर बाजूला ठेवून ओल्याने घासायला कुणाची हरकत असावी?

महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे उपकराचा निधी जमा होतो. त्यातून रंगाऱ्यांना हे एक दिवसाचे प्रशिक्षण मोफत द्यावे आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी. रोज बुडवून कुणी शिकायला येणार नाही. सुरुवात शाळा, अंगणवाड्या आणि सरकारी रुग्णालयांपासून करावी: जुन्या इमारतीच्या रंगकामाच्या निविदेतच प्रशिक्षित माणसाची अट घालावी आणि काम चालू असताना मुलांचे वर्ग दुसरीकडे भरवावेत.

आपला,
एक वाचक