व्यसनाने झालेला मृत्यू लपवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनापायी घरातले माणूस गेले की ‘हृदयविकाराने गेला’ असे सांगण्याची रीत आहे. माझा धाकटा भाऊ हेरॉइनच्या व्यसनाने गेला, तेव्हा आम्हालाही हाच सल्ला मिळाला. आईने तो मानला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने खरे कारण सांगितले. पुढे त्यांच्यापैकीच काही जण, आपल्या घरातही हेच चालू आहे हे सांगायला, एकेकटे आमच्याकडे येऊ लागले. त्यांच्या बोलण्यातून जे दिसले, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लोकलाजेस्तव जे बोलले जात नाही, ते वेळेवर कळतही नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, तर पुढच्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. तरीही बाहेर बभ्रा नको म्हणून अशा माणसाला घरात कोंडून दारू सोडवण्याचा प्रयत्न केला जातो. हेरॉइनचा धोका आणखी वेगळा आहे. काही काळ ते बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वी पचणारी मात्राच श्वास थांबवते. त्यामुळे उपचार घेऊन परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. माझा भाऊ याच काळात गेला. अशा वेळी नॅलोक्सोन हे औषध तातडीने मिळाले तर थांबत चाललेला श्वास परत सुरू होऊ शकतो, हे आम्हाला त्याच्या पश्चात समजले.

‘मनावर घेतले असते तर सुटले असते’ हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात व्यसनाधीनतेची नोंद आजार म्हणून आहे, आणि मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून त्याला कोणी दवाखान्यातून हाकलत नाही. व्यसन पुन्हा जडलेल्या माणसाला मात्र दुसऱ्यांदा उपचारांना जाण्याचीच शरम वाटते, आणि ती त्याला आपण सर्वांनी मिळून दिलेली असते.

मेलबर्नमध्ये २००१ साली सुरू झालेला ओव्हरडोस जागृती दिन आता अनेक देशांत ३१ ऑगस्टला पाळला जातो. त्या दिवशी कित्येक आईवडील आपल्या गेलेल्या मुलांविषयी उघडपणे बोलतात. अशा बोलण्याला वृत्तपत्रातही जागा मिळावी. व्यसनाने झालेल्या मृत्यूची बातमी देताना उपचार कोठे मिळतात, याची माहिती त्याच बातमीखाली द्यावी आणि ज्या कुटुंबांची तयारी असेल त्यांचे अनुभव त्यांच्या संमतीने छापावेत, अशी माझी विनंती आहे. सुरुवात आमच्या घरापासून करायची असल्यास आई आणि मी बोलायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक वाचक