नुसता कमाल पारा छापून उन्हाळा कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल-मे आला की तुमच्या पेपरात रोज शहरांच्या कमाल तापमानाची चौकट येते, वर अकोला, चंद्रपूर, जळगाव आणि तळाला कुठेतरी मुंबई, रत्नागिरी. मी ती इथे अमेरिकेत फिनिक्सला बसून ऑनलाइन बघते. त्या चौकटीवरून लोक जो अर्थ काढतात, की पारा कमी म्हणजे धोका कमी, त्याबद्दल लिहायचंय, कारण तो अर्थ चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं आजारी पडतात. माझं माहेर डोंबिवली, सासर अकोला, लग्नानंतर काही वर्षं ह्युस्टनला होतो आणि आता अ‍ॅरिझोनात, म्हणजे दमट आणि कोरडा असे दोन्ही उन्हाळे अंगावर घेतलेत म्हणून जरा हक्काने बोलते.

फिनिक्स हे वाळवंटातलं शहर. वर्षभरात जेमतेम १८०-२०० मिमी पाऊस, कोकणात जुलैमध्ये तेवढा कधीकधी एका दिवसात पडतो. जूनमध्ये दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास हे इथलं नेहमीचं. घाम दिसतच नाही, तो येतो आणि जागच्या जागी सुकतो. बाहेर वाळत घातलेली जीन्स तासाभरात कडक होते, ओठ फुटतात, पोरांना नाकातून रक्त येतं. उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटबेल्टच्या बक्कलला हात लागला तर चटका बसतो, आणि जुलैमध्ये गार पाण्याचा नळ सोडला तरी गरमच पाणी येतं. पण झाडाच्या सावलीत उभं राहिलं की खरंच बरं वाटतं, हे मान्य करावं लागेल. डोंबिवलीत मे महिन्यात सावलीत उभं राहून काय होतं? काहीच नाही. आंघोळ करून टॉवेल ठेवेपर्यंत परत घाम, पाठीला घामोळं, डबीतल्या मिठाला पाणी सुटलेलं आणि रात्री उशी ओली.

हे असं का होतं ते आकड्यांत बघितलं की लगेच पटतं. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराला स्वतःला गार करायचा एकच मार्ग उरतो, घाम यायचा आणि तो उडून जायचा. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो उडाला पाहिजे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मोजतात (त्याला वेट बल्ब म्हणतात) ते साधारण हेच सांगतं की पाणी उडून उडून किती गारवा मिळू शकतो. फिनिक्सला ४३ अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तर हे ओल्या फडक्याचं तापमान येतं २० च्या आसपास. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर येतं २८ च्या वर! अमेरिकेचं हवामान खातं जो हीट इंडेक्स (पारा आणि आर्द्रता मिळून अंगाला किती अंश जाणवतात तो आकडा) काढतं त्यात ते ४३ अंश ४०-४१ सारखे वाटतात आणि मुंबईचे ३४ अंश ४३-४४ सारखे. आणि हा हिशोब सावलीतला आहे, भर उन्हात उभं राहिलात तर अजून सात-आठ अंश धरा. म्हणजे तुमच्या चौकटीत जी मुंबई तळाला आहे ती अंगाच्या दृष्टीने या वाळवंटाच्या वरती जाते.

पण याचा उलटा अर्थ पण काढू नका. इथे सगळे एकमेकांना म्हणतात की काय, ड्राय हीट आहे, त्याचं काय एवढं. आमच्या घरचे पण अकोल्याबद्दल हेच म्हणतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, ३० जून ते ३० जुलै, आणि त्या वर्षी फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथे उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले गेले. एवढ्या श्रीमंत देशात, जिथे जवळपास घरोघरी एसी आहे. मेलेल्यांत खूपजण रस्त्यावर राहणारे होते, आणि जे घरात गेले त्यातल्या बहुतेकांकडे एसी होता पण बंद पडलेला. कोरड्या हवेत धोका हा की घाम सुकून जातो त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही, तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ४० च्या वर नुसता पंखा लावला तर तो गरम झोताने उलट अजून तापवतो. मुंबईत मात्र तोच पंखा जीव वाचवतो कारण तिथली हवा अंगापेक्षा थोडी गार असते आणि वाऱ्याने घाम थोडा तरी उडतो. त्यामुळे तिथे लाइट गेली की खरी पंचाईत. मुंबईसारख्याच दमट ह्युस्टनला जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं तेव्हा वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली, काही ठिकाणी कित्येक दिवस, आणि वादळ संपल्यावर बंद घरांतल्या उकाड्याने माणसं दगावली.

रात्रीचं तर कुणी बोलतच नाही. वाळवंटात रात्र गार असते हे आपण शाळेत शिकलो आणि शहराबाहेर ते अजूनही खरं आहे, हवेत बाष्प नसलं की जमिनीची उष्णता पटकन वर निघून जाते. पण शहरात काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता सोडत बसतं. त्याच जुलैमध्ये फिनिक्सला सलग १६ दिवस किमान तापमान ३२ च्या खाली उतरलंच नाही, एका रात्री तर ३६. शरीराला दिवसाचा ताण भरून काढायला रात्र लागते, ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी तोच पारा जास्त घातक ठरतो.

आपल्याकडचं खारघर आठवा. १६ एप्रिल २०२३, भर उन्हातला कार्यक्रम, १४ माणसं गेली. पारा तेव्हा ३८ च्या आसपास होता. विदर्भात ३८ ला कुणी मान वर करून बघत नाही. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायला पारा निदान ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त लागतो, त्यामुळे ३४-३५ चे घुसमटणारे दिवस त्या नियमात बसतच नाहीत. हवामान खातं उष्ण आणि दमट हवेचा वेगळा इशारा देतं, पण तो पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत येतो आणि चौकट मात्र पहिल्या पानावर ठळक.

उपायही लोक डोळे झाकून इकडचे तिकडे करतात. अकोल्याला सासूबाईंच्या खिडकीतला कूलर मे महिन्यात खोली अक्षरशः गारेगार करतो, तोच बघून माझ्या मावसभावाने डोंबिवलीत कूलर घेतला तर खोलीत नुसती ओल झाली, कारण आधीच भिजलेल्या हवेत पाणी उडणार कुठे. इथे फिनिक्सलाही जुन्या घरांच्या छतावर असेच कूलर आहेत, जूनभर झकास चालतात आणि जुलैमध्ये इथला मान्सून आला (हो, अ‍ॅरिझोनातही मान्सून म्हणतात) की त्यांचा काही उपयोग राहत नाही. विदर्भात डोकं-कान बांधून, अंगभर सुती घालून बाहेर पडतात ते बरोबरच आहे, तिथे गरम वारा अंगाला लागू द्यायचा नसतो. मुंबईत मात्र अंगाला वारा लागला पाहिजे, आणि कष्टाचं काम थांबून थांबून केलं पाहिजे.

म्हणून विनंती अशी की त्या चौकटीत कमाल तापमानाच्या शेजारी अजून दोन रकाने वाढवा, आदल्या रात्रीचं किमान आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता. सकाळी साडेआठची नको, तेव्हा हवा गार असल्याने आर्द्रता सगळीकडेच जास्त दिसते आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. दोन्ही आकडे हवामान खातं रोज देतं, कुलाब्याचे वेगळे, सांताक्रूझचे वेगळे. २०२३ पासून त्यांनी प्रायोगिक हीट इंडेक्सही सुरू केलाय, तो छापलात तर फारच उत्तम. आणि शहरांचा क्रम निदान आठवड्यातून एकदा तरी त्या इंडेक्सप्रमाणे लावून बघा, म्हणजे बिगारी, डिलिव्हरीवाली पोरं, ट्रॅफिक हवालदार, लोकलच्या डब्यात लोंबकळणारे यांना कळेल की ३४ चा आकडा बघून निर्धास्त व्हायचं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, दमट उकाडा सगळ्यात वाईट असतो, तोपर्यंत ही चौकट बंद करू नका. दरवर्षी तुम्ही ती मे संपला की काढून टाकता.

आपली,
एक वाचक, फिनिक्स (मूळ डोंबिवली)