खोकला आला तर लगेच सांग

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.

तवांगला पोहोचल्याचा निरोप काल मिळाला. निघायच्या आदल्या रात्रीचा, 1962 च्या चीन युद्धातल्या जनरल कौलांवरचा वाद मात्र तसाच राहिला. "कौल आजारी नव्हता, पळाला," असं तू भरल्या ताटावर म्हणालास आणि आबांनीही मान डोलावली. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

जनरल कौलांची वकिली मी करत नाही. अंबाल्याला जवानांसाठी घरं बांधून घेणारा धडाडीचा माणूस, पण लढाईत पलटण कधी हाताळलेली नाही, आणि 1962 च्या ऑक्टोबरात चौथी कोअर, म्हणजे नेफातली सगळी फौज, त्यांच्या हाती दिली. आपल्या कोल्हापूरच्या जनरल थोरात साहेबांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) बचावाचा इशारा 1959 मध्येच लिहून दिला होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री मेनन यांनी तो मनावर घेतला नाही. तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्यांनी आपल्यानंतर त्या पदासाठी थोरातांचं नाव सुचवलं, तरी 1961 ला ते निवृत्त होऊन घरी आले. हे आठवलं की माझंही रक्त तापतं.

पण आजाराचं वेगळं. दिल्लीहून आलेला हा माणूस उंचीची सवय होण्याआधीच डोंगर चढत सीमेवरच्या नामका चू नदीवर गेला. 10 ऑक्टोबरला त्सेंग जोंगची चिन्यांशी झालेली चकमक त्याने तिथे थांबून पाहिली. आठवडाभराने छाती भरली, श्वास घेता येईना, तेव्हा विमानाने दिल्लीला नेलं. 20 तारखेला चिन्यांचा हल्ला झाला आणि नदीवरची ब्रिगेडियर दळवींची ब्रिगेड सकाळच्या काही तासांत संपली. लोकांनी तारखा जोडल्या आणि पळपुटा ठरवलं. मला विचारशील तर दोष पुढचा आहे. कोअर तेव्हाच दुसऱ्याच्या हाती न देता दिल्लीच्या पलंगावरून हुकूम सोडत राहिले, ते मला माफ करता येत नाही. धाप लागली याला मात्र दोष म्हणू नकोस.

कारण मग तुला धाप लागली तर तू कुणाला सांगणार नाहीस.

आठवीत पन्हाळा ते पावनखिंड चाललास तेव्हा अंगात ताप होता. मसाई पठारावर पावसात दुसऱ्या पोराची पिशवीसुद्धा खांद्यावर घेतलीस आणि सरांना शब्द बोलला नाहीस. रात्री पांढरेपाण्याहून फोन आला, मी जीप घेऊन धावलो. न्यूमोनिया निघाला. तू शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंस, तर "मी मागे राहिलो का?" तुझ्या आईने ते सगळ्या गल्लीत कौतुकाने सांगितलं. मीही सांगितलं. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

तुमच्याकडे आता उंचीची सवय करून घ्यायची शिस्त आहे: 9,000 फुटांवर 6 दिवस, पुढच्या दोन टप्प्यांना 4-4 दिवस. ते दिवस पुरे कर. कुणी घाई केली तरी कर. बसल्या जागी धाप लागली, कोरडा खोकला सुटला, थुंकी गुलाबी दिसली, तर त्याच घटकेला डॉक्टरला गाठ आणि खाली उतर. तुझ्या हाताखालच्या पोरांनाही हेच सांग. साहेब खोकला लपवतो म्हटल्यावर जवान कशाला सांगेल?

पुन्हा शिकवायला लागलो. राग मानू नकोस. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. खांद्यावरचे तीन तारे कुणी फुकट दिलेले नाहीत.

आक्काचं ऑपरेशन पुढे ढकललंय, साखर उतरल्यावर करतील. धाकटी गाडी चालवायला शिकतेय, रंकाळ्याला दोन चकरा मारून आली. शेंगदाण्याची चटणी आणि तीळकूट पार्सलने पाठवलंय, मित्रांनाही दे.

फोनवर आईला तब्येत छान आहे म्हण, ती एवढ्यानेच झोपते. मला खरं सांग. रात्री-अपरात्री कर फोन, मी उशाशी ठेवतो.

तुझे,
बाबा