छातीत आयसीडी बसवताना शॉकविषयीही बोलावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याविषयी आणि त्यावर बसवल्या जाणाऱ्या यंत्रांविषयी अधूनमधून लिहून येते. यंत्र किती लहान झाले, बॅटरी किती वर्षे चालते आणि खर्च किती येतो, यांपाशी ते लेखन बहुधा थांबते. माझ्या छातीत असेच एक, आयसीडी नावाचे, शॉक देणारे यंत्र पाच वर्षांपासून आहे, आणि निवृत्त होईपर्यंत मी पिंपरीतील एका कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात पर्यवेक्षक होतो, त्यामुळे विजेशी माझी ओळख पोटापाण्याची आहे. या दोन्ही नात्यांनी मला एवढेच मांडायचे आहे, की या यंत्राच्या शॉकने होणारी वेदना बऱ्याच अंशी टाळता येते आणि ती टाळण्याची साधने बहुतेक यंत्रांत आधीपासूनच असतात. मात्र ती आपल्या यंत्रात चालू आहेत की बंद, हे रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही.

आधी शब्दांविषयी थोडे. मराठीत ‘झटका’ म्हटले की हृदयविकाराचा झटका डोळ्यांपुढे येतो, म्हणून यंत्राने दिलेल्या विजेच्या धक्क्याला मी शॉक म्हणतो. दवाखान्यातही सगळे तेच म्हणतात. दुसरा घोळ पेसमेकर आणि आयसीडी यांचा. पेसमेकर मंद पडलेल्या हृदयाला न जाणवणाऱ्या सौम्य स्पंदांनी चालते ठेवतो. आयसीडी ते काम करू शकतेच, शिवाय हृदयाचे खालचे कप्पे जीवघेण्या वेगाने धडधडू किंवा नुसते थरथरू लागले, तर शॉक देऊन लय पूर्ववत करते. शेजारीपाजारी दोन्हींना ‘मशीन’ म्हणतात, आणि मलाही माझे मशीन शॉक देणारे आहे याचा खरा अर्थ कळायला दीड वर्ष लागले.

जुन्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर माझ्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता २८ टक्क्यांवर आली होती, म्हणून खबरदारी म्हणून शहरातील एका रुग्णालयात हे यंत्र बसवले गेले. घरी सोडताना जखमेची काळजी, डावा हात किती वर न्यायचा, मोबाइल कोणत्या खिशात ठेवायचा, हे सारे नीट सांगितले गेले. शॉकविषयी एकच वाक्य होते : ‘वेळ आली तर मशीन तुम्हाला वाचवेल.’ दीड वर्षाने एका सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरत असताना ठोके अचानक वाढले. मला चक्कर नव्हती, मी बोलत होतो, आणि पुढच्या क्षणी छातीवर कोणी घण घातल्यासारखे झाले. सावरून बाकावर बसतो तोच दुसरा शॉक बसला. दोन-तीन मिनिटांत असे चार शॉक मी पूर्ण शुद्धीत सोसले. चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनेलजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला त्या बाकावर हात जोडून ‘आता पुरे’ असे कोणाला तरी म्हणावेसे वाटले, पण म्हणायचे कोणाला, हेच समजेना.

नंतर यंत्राची नोंद वाचल्यावर उलगडा झाला. माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे अनियमित थरथर सुरू झाली होती, तिच्यामुळे खालचे कप्पे मिनिटाला १७८ च्या गतीने धावत होते आणि यंत्राची उपचार सुरू करण्याची मर्यादा १७० वर ठेवलेली होती. यंत्राने आपल्या हिशेबाने कर्तव्य केले, पण हिशेबच चुकीचा होता. खऱ्या जीवघेण्या थरथरीत रुग्णाची शुद्ध बहुधा शॉकच्या आधीच हरपते. गरज नसताना बसणारा शॉक मात्र माणसाला पूर्ण जागेपणी सोसावा लागतो. म्हणजे ज्या शॉकची आवश्यकता नसते, नेमका तोच पुरेपूर दुखतो.

ही वीज किती असते, हा माझ्या कामाचा प्रश्न असल्यामुळे तो मी डॉक्टरांना विचारला. यंत्रातील छोटी बॅटरी काही सेकंदांत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरते आणि सातशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक व्होल्टने ती वीज अवघ्या काही मिलिसेकंदांत हृदयात सोडली जाते. सर्वाधिक शॉक साधारण ३५ ते ४० जूल ऊर्जेचा असतो. चार किलोची तांदळाची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलायला एवढीच ऊर्जा लागते, त्यामुळे कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. वेदना मात्र जूलच्या प्रमाणात वाढत नाही. एक-दोन जूलचा शॉकसुद्धा जाग्या माणसाला नकोसा होतो, आणि पाठोपाठ बसलेला दुसरा शॉक तेवढ्याच ऊर्जेचा असला तरी पहिल्यापेक्षा जास्त दुखला असे रुग्ण सांगतात. माझा अनुभव वेगळा नाही. म्हणून शॉकची ताकद थोडी कमी करण्याने फारसे काही साधत नाही. शॉक मुळात लागूच नये, अशी व्यवस्था करणे हाच सध्या हातात असलेला उपाय आहे.

ती व्यवस्था यंत्रात असते. खालच्या कप्प्यांतील वेगवान लय पुष्कळदा एका जुन्या व्रणाभोवती गोल गोल फिरणाऱ्या विद्युतलहरीमुळे टिकून राहते. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात, तशी ती लहर व्रणाभोवती फेर धरते. अशा फेरात दोन मुलींमधली मोकळी जागा हेरून कोणी नेमक्या क्षणी आत शिरले, की हात सुटतात आणि फेर मोडतो. आयसीडी तेच करू शकते. बिघडलेल्या लयीपेक्षा किंचित जलद असे काही सौम्य स्पंद ते सोडते. आठ स्पंदांची एक माळ, प्रत्येक दोन स्पंदांतील अंतर त्या लयीतील अंतराच्या ८८ टक्के, ही त्याची प्रचलित पद्धत आहे. या उपायाला डॉक्टर मंडळी एटीपी म्हणतात. हे स्पंद पेसमेकरच्या स्पंदांइतकेच हलके असल्याने रुग्णाला बहुधा कळतही नाही की आपल्यावर काही उपचार झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३४ रुग्णांच्या एका अभ्यासात अतिजलद लयीचे दहापैकी सुमारे सात प्रसंग या वेदनारहित मार्गाने थांबल्याचे दिसले. अर्थात लय पूर्णपणे विस्कटून हृदय नुसते थरथरत असेल, तर मोडायला फेरच उरत नाही आणि तिथे शॉकला पर्याय नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरा भाग मर्यादांचा आहे, आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित तोच आहे. यंत्राने किती ठोक्यांवर सावध व्हायचे आणि उपचार सुरू करण्यापूर्वी किती सेकंद वाट पाहायची, हे बाहेरून, शस्त्रक्रिया न करता, प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने ठरवता येते. पूर्वी समज असा होता की यंत्र जितक्या लवकर धावून जाईल तितके चांगले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-आरआयटी या १५०० रुग्णांच्या अभ्यासाने तो समज मोडला. उपचाराची मर्यादा २०० ठोक्यांवर नेल्याने किंवा मधल्या वेगाच्या लयीला पूर्ण एक मिनिट आपणहून थांबण्याची संधी दिल्याने अनावश्यक उपचार कितीतरी घटलेच, शिवाय मर्यादा वर नेलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाणही निम्म्याच्या आसपास आले. २०१५ मध्ये जगभरच्या हृदयलय तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून यंत्राच्या जुळणीविषयी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांतही माझ्यासारख्या, केवळ खबरदारी म्हणून यंत्र बसवलेल्या रुग्णांत सर्वांत खालची मर्यादा १८५ ते २०० दरम्यान ठेवावी, घाई करू नये आणि एटीपी चालू ठेवावे असे म्हटले आहे. माझे यंत्र त्यानंतर काही वर्षांनी बसवले गेले आणि तरीही ते १७० वर होते. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. तपासणीच्या दिवशी यंत्राच्या कंपनीचा माणूस येतो, बॅटरी आणि लीड, म्हणजे यंत्रातून हृदयात जाणारी तार, पाहतो, ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो आणि पुढचा रुग्ण आत येतो. मूळ जुळणी बदलावी का, हा प्रश्न त्या गर्दीत कोणाचाच राहत नाही. विद्युत देखभालीत आम्ही रिले, म्हणजे भार मर्यादेबाहेर गेला की वीज तोडायला लावणारे उपकरण, कारखान्यातून जसा आला तसा कधी चालू करत नसू. भार पाहून त्याची मर्यादा ठरवायची, हा आमचा पहिला धडा होता.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर वेदनेचा विचार मागे का पडला, ते समजते. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांना आपले गुरू अशाच लयबिघाडाने गमवावे लागले होते आणि त्या आघातातून त्यांनी या यंत्राचा ध्यास घेतला. ४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसले. सुरुवातीचे रुग्ण मृत्यूच्या दारातून परतलेले होते; शॉक दुखतो की नाही हे त्यांना विचारणे तेव्हा चैनच ठरली असती. आज परिस्थिती तशी नाही. आज हे यंत्र पुष्कळदा अशा माणसांत बसते ज्यांना अजून काहीच झालेले नसते. वेदनेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचाही दाखला आहे. वरच्या कप्प्यांची थरथर थांबवण्यासाठी १९९० च्या दशकात शरीरात बसवण्याचे शॉकयंत्र तयार झाले होते. ते लय सुधारत असे, पण जिवाला तातडीचा धोका नसताना पुन्हा पुन्हा तो शॉक सोसायला रुग्ण राजी होईनात आणि ते यंत्र मागे पडले.

रुग्णालयात ठरवून, छातीवर बाहेरून दिला जाणारा शॉक ही वेगळी गोष्ट आहे. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीने तो ठोक्याशी जुळवून दिला जातो, रुग्णाला आधी गुंगीचे औषध देतात आणि त्यामुळे त्याला तो बहुधा आठवतही नाही. आमच्या ओळखीतील एक बाई ‘शॉक ट्रीटमेंट’ या शब्दालाच घाबरून दोन महिने टाळाटाळ करत होत्या. त्यांना कोणी हा फरक समजावला असता, तर ते दोन महिने धाप लागण्यात गेले नसते.

मूळ शॉकच सौम्य व्हावा यासाठी संशोधनही चालू आहे. जर्मनीतील ग्यॉटिंगन येथील मॅक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले, की एका मोठ्या शॉकऐवजी पाच दुबळे स्पंद ओळीने दिले तर सरासरी ८४ टक्के कमी ऊर्जेत थरथर थांबू शकते. हे प्रयोग कुत्र्यांच्या हृदयांवरचे आहेत. त्याच्या आशेवर आजच्या रुग्णाने बसून राहू नये, कारण त्याच्या यंत्रात आज जे आहे तेही पुरेसे वापरले जात नाही.

शॉकची वेदना शरीरापुरती राहत नाही, हे घरच्यांना अधिक ठाऊक असते. त्या सकाळनंतर मी सहा महिने टेकडीकडे फिरकलो नाही, जिना चढताना नाडी मोजू लागलो आणि रात्री शॉक बसला असे वाटून दोनदा जागा झालो. यंत्राच्या नोंदीत दोन्ही वेळा काहीच नव्हते. असा भासाचा शॉक अनेक रुग्णांना होतो, हे मला पुढे कळले. माझी पत्नी माझ्या छातीवर हात ठेवायला घाबरू लागली, तीही विनाकारण, कारण शॉकच्या क्षणी स्पर्श करणाऱ्याला फार तर मुंग्या येतात, इजा होत नाही. हे एक वाक्य रुग्णालयातून निघताना कोणी सांगितले असते, तर घरातली कितीतरी अस्वस्थता वाचली असती.

म्हणून शहरातील हृदयरोगतज्ज्ञांना आणि रुग्णालयांना आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी विनंती आहे, की यंत्र बसवून घरी सोडताना रुग्णाच्या हाती मराठीत एक पानाचा कागद द्यावा. आपले यंत्र किती ठोक्यांवर आणि किती वेळाने काम सुरू करणार, एटीपी चालू आहे की नाही, आणि नसल्यास का नाही, एवढे त्यावर लिहिलेले असावे. काही यंत्रांत, उदाहरणार्थ केवळ त्वचेखाली बसणाऱ्या प्रकारात, ही सोय नसते, तर तेही बसवण्यापूर्वीच सांगावे. एक शॉक बसून बरे वाटत असेल तर डॉक्टरांना फोन करून लवकर तपासणी करून घ्यावी, आणि चोवीस तासांत दोन किंवा अधिक शॉक बसले किंवा छातीत दुखणे, धाप, चक्कर असेल तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे, हेही त्यावर हवे. तळजाईवरच्या त्या बाकाभोवती जमलेल्या दहा-बारा माणसांपैकी कोणालाही आणि मलाही हे माहीत नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी बराच विचार केला. माझे थोरले मेहुणे कर्करोगाने गेले. त्यांनाही आयसीडी होते. शेवटच्या रात्री, सर्व उपचार थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यायचे असे ठरलेले असताना, मंदावत विस्कटणाऱ्या हृदयाला यंत्र शॉक देत राहिले आणि अर्धवट शुद्धीतले ते दर वेळी दचकत राहिले. अशा अवस्थेत शॉकचा भाग प्रोग्रॅमरने बंद करता येतो, पेसमेकरचा भाग तसाच चालू राहतो, आणि त्यासाठी कोणतीही शस्त्रक्रिया लागत नाही. प्रोग्रॅमर मिळेपर्यंत यंत्रावर ठेवलेले दवाखान्यातील गोल चुंबकही बहुतेक यंत्रांचे शॉक थोपवून धरते. शॉकचा भाग बंद केल्याने मृत्यू घडवला जात नाही; मरणाऱ्याला मारही बसत नाही, इतकेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवण्याचा माणसाचा अधिकार मान्य केला आहे. त्या लिखाणात यंत्राचा उल्लेख असावा आणि तो विषय डॉक्टरांनी, रुग्ण धडधाकट असतानाच, स्वतःहून काढावा. मेहुण्यांच्या खोलीत त्या रात्री तीन परिचारिका आणि एक निवासी डॉक्टर होते. चुंबक त्याच मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात भिंतीला लटकलेले होते, असे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

माझ्या यंत्राची मर्यादा आता २०० वर आहे, एटीपी चालू आहे आणि वरच्या कप्प्यांच्या थरथरीवर वेगळी औषधे सुरू आहेत. गेल्या तीन वर्षांच्या नोंदीत जलद लयीचे दोन प्रसंग आहेत. दोन्ही एटीपीने थांबले. त्यांतला एक दुपारी जेवताना घडला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक
सहकारनगर, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)