रांजण कोण भरते, तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात पाणपोयांच्या उद्घाटनाची छायाचित्रे दिसू लागतात. गुढीपाडव्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हा रतीब चालतो. त्यात गैर काही नाही. रांजण आणायला, वर पत्र्याची सावली करायला पैसे लागतात आणि ते देणाऱ्याचे नाव व्हायलाच हवे. माझे म्हणणे त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. नारळ एका सकाळी फुटतो, पण रांजण पहिला पाऊस पडेपर्यंत रोज भरावा लागतो. तो रोज कोण भरते, हे मी आपल्या पानांवर कधी वाचलेले नाही.

अमळनेरजवळ पारोळा रस्त्याच्या ज्या फाट्यावर मी एसटीची वाट पाहते, तिथे कडुनिंबाखाली दोन रांजण आहेत. ते भरणारी बाई पलीकडच्या वस्तीत राहते, शेतमजुरीला जाते. तांबडं फुटायच्या आत ती येते. आदल्या दिवशीचे उरलेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतते. मग नारळाच्या काथ्याने रांजण आतून घासते, कारण या दिवसांत बुडाशी शेवाळ धरायला वेळ लागत नाही. बाहेरूनही घासते. रांजणाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते, म्हणून आतले गार राहते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र ती बारीक छिद्रे बुजवतात, अंगावर पांढरा थर चढतो आणि मग कितीही भरा, पाणी कोमटच. हे तिला कुणी शिकवलेले नाही, तिच्या हाताला ते ठाऊक आहे. घासून झाले की हंड्यामागून हंडा, तुरटीचा एक फेरा, भोवती भिजवलेले गोणपाट, वर झाकण आणि साखळीला बांधलेला पेला. एवढे करून ती कामावर जाते. संध्याकाळी आणखी एक खेप असते.

हे पाणी येते कुठून, तेही सांगितले पाहिजे. तिच्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही. आले त्या दिवशी ड्रम, टाकी, घागरी, सगळे भरून ठेवायचे आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचे. रांजणात जाते ते त्याच साठवणीतले. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घरातल्या ड्रममधून परक्यासाठी हंडा काढणे म्हणजे काय, हे खान्देशातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. मी तिच्याशी हा विषय काढला तर म्हणाली, "त्यामा काय शे ताई? पानीच ते शे!"

असे एकच माणूस नाही. नात्यातल्या एका बाळंतिणीसोबत मी सरकारी दवाखान्यात होते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली एक पावरा बाई हातात केसपेपर धरून उभी होती. तपासणीआधी उपाशी राहायचे, पाणी मात्र भरपूर प्यायचे, लघवीला जायचे नाही, असे तिला मराठीतून भराभर सांगून झाले होते. तिला त्यातले काही उमगले नव्हते. झाडू मारणाऱ्या मावशींनी ते ओळखले. झाडू भिंतीला लावला, तिला पावरीतून सगळे समजावले, पाण्याची बाटली भरून दिली, तिचा नंबर येईपर्यंत येता-जाता तिच्याकडे लक्ष ठेवले. त्या नसत्या, तर ती बाई तपासणी न होताच पाड्यावर परतली असती आणि पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून आली असती. मावशींच्या कामाच्या यादीत हे कुठेही लिहिलेले नसणार.

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघालेल्या आपल्याकडच्या भाविकांसाठी वाटेवरचे शेतकरी आंघोळीला विहिरीवरची मोटर सुरू ठेवतात, रात्री ओसरी मोकळी करून देतात. यात्रेच्या बातम्या येतात, त्या ओसऱ्यांची येत नाही.

'केलेले बोलून दाखवू नये' ही आपली जुनी शिकवण आहे आणि ही माणसे ती पाळतात. पण ती शिकवण करणाऱ्यासाठी आहे. पाहणाऱ्यांनीही गप्प बसावे, असे त्यात कुठे आहे? आणि आपण गप्प राहिल्याने नुकसान होते, ते मी डोळ्यांनी पाहिले. ऐन वैशाखात ती बाई तापाने फणफणली. रांजण कोरडे पडले. येणारा प्रत्येक जण झाकण उचलून आत डोकावत होता, 'आज पाणी नाही वाटतं' म्हणत होता आणि समोरच्या टपरीवरून बाटली घेत होता. ज्याच्या खिशात बाटलीचे पैसे नव्हते तो तसाच गाडीत चढत होता. रांजण कोण भरते हे कुणालाच माहीत नव्हते. मग ती आजारी आहे हे तरी कसे कळणार, आणि तिच्या जागी दोन हंडे कोण आणणार? टपरीवाल्या मुलाला मी सांगितले तेव्हा तो लगेच उठला. दुसऱ्या दिवसापासून एक रांजण त्याने भरायला घेतला. त्याला नुसते कळायला हवे होते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. उन्हाळाभर जिल्ह्याच्या पानावर रोज चार-सहा ओळींची जागा द्यावी आणि त्या त्या फाट्यावरची, स्टँडवरची, बाजारातली पाणपोई कोण चालवते, त्या माणसाला काय कमी पडते, एवढेच छापावे. नाव द्यायचे की नाही, हे त्याच्यावर सोपवावे. काहींना संकोच वाटेल, तिथे नुसते गाव पुरे. रांजण बदलायचा असेल, तोटी गळत असेल, जारचे पाणी देणारा कुणी हवा असेल, तर वाचणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी पुढे येईल. आमच्या फाट्यावरच्या एका रांजणाला तडा गेलेला आहे, सुरुवात तिथूनही करता येईल.

आपला प्रतिनिधी येणार असेल, तर त्याने सकाळी सहाच्या आत यावे. त्यानंतर ती कामावर गेलेली असते.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)